टक् टक् करणारी तबकडी : हार्ड डिस्कच्या दुखण्याचा आणि निदानाचा इतिहास

१/
जुना संगणक बऱ्याच वर्षांनी सुरू केला जातो. पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि मग आतून ठरावीक अंतराने ‘टक्… टक्… टक्’ असा आवाज येऊ लागतो. पुढे काहीच उघडत नाही. हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत असल्याची ती खूण असू शकते. हा आवाज कुठून आला, त्याचा अर्थ लावायला माणूस कसा शिकला आणि हे शिकताना किती डिस्क दुखण्याऐवजी उपचारांनीच दगावल्या, याचा हा सुमारे ७० वर्षांचा इतिहास.

२/
सप्टेंबर १९५६. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याच्या सोबतीचे ‘आयबीएम ३५०’ हे साठवणयंत्र म्हणजे जगातील पहिली हार्ड डिस्क. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगशाळेत ते घडले. एकाच आसावर २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलमधील एखादे मोठे छायाचित्र त्यात जेमतेम मावले असते. यंत्राचे वजन मात्र सुमारे एक टन!

३/
त्यापूर्वी माहिती पंचकार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीच्या मध्यावरची नोंद हवी असेल, तर आधीची सारी फीत पुढे सरकवावी लागे. तबकडीमुळे कोणत्याही नोंदीवर थेट जाणे शक्य झाले. या तबकड्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा, रंगासारखा लेप असे. प्रारंभीच्या प्रयोगांत तो नायलॉनच्या पायमोज्यातून गाळून फिरत्या तबकडीवर ओतला जाई. लेपात एखादी गुठळी राहिली, तर पुढे काय अनर्थ होईल, याची जाण अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून होती.

४/
कारण सारी मेख एका अंतरात होती. अक्षरे लिहिणारे आणि वाचणारे ‘हेड’ तबकडीला टेकून चालत नाही. ते तिच्यावर अधांतरी असते. रॅमॅकमध्ये त्यासाठी हेडमधून दाबाखालची हवा सोडली जाई. ते अंतर होते सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरेच कमी. हेड जितके जवळ, तितक्या बारीक खुणा उमटतात आणि तितकी अधिक माहिती मावते. म्हणून साठवण वाढवायची, तर हेड खाली आणणे भाग होते. आणि हेड खाली आणले की धडकेची भीती वाढणार, हेही ठरलेले होते. हार्ड डिस्कच्या पुढच्या साऱ्या इतिहासाला ही ओढाताण पुरली.

५/
१९६१ मध्ये आलेल्या ‘आयबीएम १३०१’ने बाहेरून हवा सोडण्याची गरजच संपवली. वेगाने फिरणारी तबकडी आपल्यासोबत हवेचा पातळ थर ओढून नेते; हेडचा आकार असा घडवला की ते त्या थरावर आपोआप तरंगावे. अंतर सुमारे ६ मायक्रॉनवर आले. प्रत्येक पृष्ठभागाला स्वतंत्र हेड मिळाले. युक्ती अत्यंत देखणी होती. पण तिला एक अट होती. त्या फटीत हवेखेरीज दुसरे काहीही येता कामा नये.

६/
धुळीचा एखादा कण आला, तर काय होते? हेड अडखळते, तबकडीवर आपटते आणि लेप खरवडते. खरवडलेल्या लेपाची भुकटी पुन्हा त्याच फटीत शिरते आणि नवे ओरखडे काढते. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या तबकडीवर हा प्रकार क्षणात पसरतो. यालाच ‘हेड क्रॅश’ म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पहिल्या ओरखड्याने थोडी माहिती जाते. बाकीची जाते, ती तबकडी नंतरही फिरत राहिल्यामुळे.

७/
१९६२ मध्ये ‘आयबीएम १३११’ आले. त्यात ६ तबकड्यांचा १४ इंची जुडगा यंत्रातून काढून दुसरा बसवता येई. सोय मोठी होती. पण या सोयीतूनच निदानाची पहिली कठोर शिकवण मिळाली. एखादा जुडगा वाचला जात नसे, तेव्हा दोष जुडग्यात की यंत्रात, हे पाहण्याचा सरळ मार्ग वाटे तो असा : जुडगा दुसऱ्या यंत्रात घालून पाहायचा. तर्क निर्दोष होता. परिणाम मात्र भयंकर होत.

८/
ओरखडे पडलेला जुडगा दुसऱ्या यंत्रात गेला की त्याचे धड हेडही बिघडे. बिघडलेल्या हेडखाली मग चांगला जुडगा गेला की तोही खरवडला जाई. संगणककक्षात दोष असा साथीच्या रोगासारखा एका यंत्रातून दुसऱ्यात पसरे आणि त्याचा वाहक असे खुद्द तपासणारा तंत्रज्ञ. यातून पहिला नियम रूढ झाला : ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ ही तपासणी नव्हे. जे यंत्र झिजत आहे, त्याच्यावरचा प्रत्येक प्रयोग त्याचे उरलेले आयुष्य खर्च करतो.

९/
या दुखण्यावरचा उपाय १९७३ मध्ये आला. केनेथ हॉटन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘आयबीएम ३३४०’ची मूळ कल्पना ३० मेगाबाइटच्या दोन भागांची होती. ‘३०-३०’ हे आकडे प्रसिद्ध विंचेस्टर रायफलशी जुळले आणि डिस्कला ‘विंचेस्टर’ हे नाव चिकटले. त्यात तबकड्या आणि हेड दोन्ही एकाच बंद पेटीत होती. हेड हलके केले, तबकडीला वंगणाचा पातळ थर दिला; त्यामुळे यंत्र थांबताना हेड तबकडीवरच अलगद उतरे. अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आले.

१०/
आजच्या बहुतेक फिरत्या डिस्क याच विंचेस्टर वंशातील आहेत. त्यांची पेटी बंद असली, तरी बहुतेकींना हवेचा दाब समान ठेवण्यासाठी गाळणी बसवलेले एक सूक्ष्म छिद्र असते. पुढे हे अंतर काही नॅनोमीटरपर्यंत उतरले. घरातील हवेत तरंगणारा कोणताही सामान्य धूलिकण या फटीच्या मानाने डोंगराएवढा असतो. म्हणूनच ‘झाकण उघडून आत काय झाले ते पाहू’ हा विचार डिस्कच्या बाबतीत घातक ठरतो.

११/
१९८० मध्ये हार्ड डिस्क टेबलावर आली. आयबीएममध्ये घडलेले ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांच्या नव्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, ‘एसटी-५०६’ ही सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० मेगाबाइटच्या डिस्कसह आला. वातानुकूलित कक्षात, तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली राहिलेले हे नाजूक यंत्र आता दुकानात, कचेरीत आणि घरात आले. तेथे धक्के होते, उकाडा होता, विजेचा लपंडाव होता आणि तंत्रज्ञ नव्हता.

१२/
त्या काळच्या डिस्कच्या अंगावर कारखान्यातूनच एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर त्या डिस्कमधील सदोष जागांची यादी असे : अमुक हेड, अमुक वर्तुळ. डिस्क पहिल्यांदा तयार करताना वापरणाऱ्याने ती यादी स्वतः टंकायची, म्हणजे संगणक त्या जागा टाळे. आज हे विचित्र वाटेल. पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. निर्दोष डिस्क अस्तित्वात नसते आणि कोणती जागा विश्वासार्ह नाही, हे मालकाला ठाऊक असे.

१३/
दुसरे दुखणे तापमानाचे. स्वस्त डिस्कमध्ये हेड पुढे-मागे नेण्यासाठी ‘स्टेपर मोटर’ असे. ती मोजून पावले टाकी, पण हेड खरोखर योग्य वर्तुळावर पोहोचले का, हे तपासत नसे. धातू उष्णतेने प्रसरण पावतो. त्यामुळे गार यंत्र सकाळी वाचायला नकार देई आणि तासाभराने तापल्यावर सुरळीत चाले. वर्षे लोटली की लिहिलेल्या खुणा आणि हेडची जागा यांत फरक पडे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीव्ह गिब्सन यांची ‘स्पिनराइट’ ही प्रणाली आली. ती माहिती वाचून, जागा नव्याने आखून, तीच माहिती परत लिहीत असे.

१४/
तिसरे दुखणे चिकटण्याचे. इंग्रजीत त्याला ‘स्टिक्शन’ असा जोडशब्द पडला. गुळगुळीत तबकडी, तिच्यावर वंगण आणि त्यावर बंद अवस्थेत टेकलेले हेड. संगणक बराच काळ पडून राहिला की हेड तबकडीला चिकटून बसे. मोटर जोर लावी, पण तबकडी हलत नसे. कोणी डिस्कला झटका देऊन फिरवी, कोणी हलकेच ठोकी. कधी ती सुरू होई. कधी हेडच तुटून येई. पुढे हेड उतरण्याची जागा मुद्दाम किंचित खडबडीत केली गेली आणि त्यानंतर हेड तबकडीबाहेर उताराच्या पट्टीवर ठेवण्याची पद्धत आली.

१५/
अशा अनुभवांतून घरगुती औषधांचा बटवा तयार झाला. ‘डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावी’ हा त्यातला सर्वांत गाजलेला उपाय. एखाद्या जुन्या डिस्कमध्ये धातूचे आकुंचन क्षणभर उपयोगी पडलेही असेल. परंतु थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा अंश म्हणजे विनाशच. ज्या पिढीच्या यंत्रावर उपाय लागू पडला, ती पिढी गेली. उपाय मात्र तोंडोतोंडी उरला.

१६/
आता त्या ‘टक् टक्’ आवाजाकडे वळू. १९९० च्या दशकापर्यंत स्टेपर मोटरची जागा ‘व्हॉइस कॉइल’ने घेतली. हे हेड पावले मोजत नाही; तबकडीवरच कोरलेल्या मार्गदर्शक खुणा वाचत वाट शोधते. त्या खुणा सापडल्या नाहीत, की हेडची भुजा परत फिरते, कडेच्या अडसराला लागते आणि पुन्हा शोध सुरू करते. ‘टक्’ म्हणजे हाच आघात. याचा अर्थ यंत्र आंधळे झाले आहे : हेड झिजले असेल, तबकडी खरवडली असेल, सर्किटची पाटी बिघडली असेल किंवा वीजपुरवठाच अशक्त असेल.

१७/
कधी आरोपी दुसराच असतो. १९८४ च्या ‘पीसी एटी’पासून डिस्कचा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्मृतीत नोंदवला जाई. मदरबोर्डवरची ती बॅटरी संपली, की संगणक आपल्याला डिस्क आहे हेच विसरतो! पडद्यावर ‘डिस्क नाही’ असे येते आणि धडधाकट डिस्क भंगारात जाते. सैल झालेली पट्टीची केबल आणि जुना पॉवर सप्लाय हेही असेच छुपे गुन्हेगार. म्हणून जाणकार तंत्रज्ञ डिस्कवर आरोप ठेवण्यापूर्वी तिच्या शेजाऱ्यांची झडती घेतात.

१८/
दरम्यान डिस्क हुशार झाली आणि आपले दुखणे लपवू लागली. १९५० मध्ये बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी चूक स्वतःहून दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक पद्धतीचा पाया घातला. त्या विचाराची प्रगत रूपे डिस्कमध्ये आली. एखादी जागा खराब होऊ लागली, की डिस्क तेथील माहिती गुपचूप राखीव जागेत हलवते. कारखान्याची ती चिठ्ठी नाहीशी झाली. मालकाला सारे आलबेल दिसते, आणि राखीव जागा संपत आल्यावर संकट अचानक कोसळल्यासारखे वाटते.

१९/
हे मौन मोडण्यासाठी १९९२ मध्ये आयबीएमने डिस्कच्या बिघाडाचे पूर्वानुमान देणारी व्यवस्था आणली. पुढे कॉम्पॅक कंपनीने डिस्क-उत्पादकांसोबत तशीच पद्धत विकसित केली आणि १९९५ मध्ये ती सर्वांसाठी मानक म्हणून पुढे ठेवली. त्यातून ‘स्मार्ट’ हे मानक घडले. किती जागा बदलल्या, किती वेळा वाचन फसले, किती तास डिस्क चालली, याचा हिशेब डिस्क स्वतःच ठेवू लागली. जणू प्रत्येक रुग्णाच्या उशाशी त्याचा तापाचा तक्ता लटकू लागला.

२०/
पण तक्ता किती खरा? २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. धडा दुहेरी आहे : तक्ता ‘धोका’ म्हणत असेल, तर विश्वास ठेवावा, ‘ठीक आहे’ म्हणत असेल, तर निर्धास्त राहू नये.

२१/
मग यंत्र मरणारच, हे गृहीत धरून चालले तर? १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ ही कल्पना मांडली : महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरावा आणि एक गेली तरी बाकीच्यांतून माहिती उभी करता यावी. विचार क्रांतिकारक होता. पण ती नक्कल नव्हे. चुकून पुसलेली फाइल समूहातील साऱ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

२२/
या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग २००३ चा. १ फेब्रुवारीला ‘कोलंबिया’ हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना विखुरले आणि कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीरांचा अंत झाला. यानात झेनॉन वायूच्या चिकटपणावरचा एक प्रयोग होता. त्याची काही माहिती उड्डाणातच पृथ्वीवर आली होती. उरलेली एका सीगेट डिस्कवर होती. टेक्सासमध्ये अवशेष गोळा करताना ती डिस्क सापडली. ती जळून काळीठिक्कर पडली होती.

२३/
मिनेसोटातील एका माहिती-पुनर्प्राप्ती कंपनीकडे ती गेली. पेटीचा बंद वितळून आत धूळ शिरली होती आणि तबकड्यांवर खड्डे पडले होते. परंतु डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती आणि डॉस प्रणालीने माहिती सलग, एका ठिकाणी लिहिली होती. खड्डे बहुतांशी रिकाम्या जागी होते. तज्ज्ञांनी तबकड्या रसायनाने स्वच्छ केल्या, नव्या पेटीत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये प्रसिद्ध झाले. यानातील आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही मिळू शकले नाही.

२४/
आकाशातून पडलेली डिस्क वाचते आणि घरातील टेबलावरची वाचत नाही, हे कोडे येथे सुटते. कोलंबियाची डिस्क आदळल्यानंतर तिला कोणीही ‘पुन्हा एकदा लावून’ पाहिले नाही. तिच्यावर जे घाव होते, ते अपघाताचे होते, तपासणाऱ्यांचे नव्हते. घरातील डिस्क मात्र पहिल्या ‘टक्’नंतर दहादा सुरू होते, तिच्यावर दुरुस्तीच्या प्रणाली रात्रभर चालवल्या जातात, आणि झिजलेले हेड तेवढा वेळ तबकडी खरवडत राहते.

२५/
उपचाराचा क्रम कसा उलटला, ते ‘डीडीरेस्क्यू’ या मुक्त प्रणालीत दिसते. अँतोनिओ दियास दियास यांनी ती लिहिली. ती काहीही दुरुस्त करीत नाही. आधी जे सहज वाचता येते, ते दुसऱ्या डिस्कवर उतरवते. अवघड जागा सोडून पुढे जाते. काय मिळाले आणि काय राहिले, याची नोंद ठेवते. आणि मगच अवघड जागांकडे वळते. पूर आलेल्या घरातून माणसे आधी हाताला लागेल तेवढे बाहेर काढतात; भिंतीची भेग नंतर बुजवतात. तसाच हा शहाणपणा.

२६/
सुमारे सात दशकांच्या अनुभवाचे सार चार पावलांत सांगता येते. पहिले : बॅटरी, केबल आणि वीजपुरवठा यांची शंका आधी फेडावी. दुसरे : ‘टक् टक्’ किंवा खरवडल्याचा आवाज आला, तर ताबडतोब वीज बंद करावी, माहिती मोलाची असेल, तर डिस्क न उघडता तज्ज्ञाकडे द्यावी. तिसरे : आवाज नसेल, पण वाचन अडखळत असेल, तर प्रथम संपूर्ण नक्कल घ्यावी. चौथे : दुरुस्तीचा प्रत्येक प्रयोग त्या नकलेवर करावा, मूळ डिस्कवर नव्हे.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाला हे सांगण्याचे कारण आहे. वाळवी लागलेला कागद अर्धा उरला, तरी त्या अर्ध्या ओळी वाचता येतात. डिस्क अशी सवलत क्वचितच देते. मोडी कागदांची छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे, वृद्धांच्या मुलाखती आज कुणाच्या ना कुणाच्या जुन्या संगणकात पडून आहेत. अनेक बखरींच्या मूळ प्रती आज उपलब्ध नाहीत. बखरी टिकल्या त्या कुणीतरी वेळीच केलेल्या नकलांमुळे. यंत्र बदलले, तरी टिकण्याचा तो मार्ग अजून तोच आहे.